भांडी का वाजतात : माधवनगरच्या घराखालच्या लाटांच्या प्रकल्प नोंदी

४ मे

घर ते जवळचा रूळ ३८ मीटर. कुंपणापर्यंत टेपनं मोजलं, पुढचं अंतर उपग्रह नकाशावरून घेतलं. रेल्वेच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही, हे शेजारच्या अप्पांनी आधीच बजावलं आहे. अप्पा रेल्वेतून मुकादम म्हणून निवृत्त झाले. पुणे-मिरज लाईनवरची खडी त्यांनी आयुष्यभर ठोकली आहे, त्यामुळे त्यांचं ऐकायचं.

प्रश्न असा. मालगाडी गेली की आईच्या फडताळातली पितळी भांडी वाजतात, पण प्रत्येक गाडीला नाही. कधी लांबच लांब भरलेली गाडी जाते आणि वाटीसुद्धा हलत नाही. कधी तेवढ्याच लांबीची दुसरी गाडी येते आणि ताम्हनावरची पळी एका ठेक्यात किणकिणत राहते. शिवाय स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यापासून एक तिरकी भेग खाली गेली आहे. ती गाडीमुळेच पडली, असं आई ठामपणे सांगते.

तिच्या बोलण्यामागे १९६७ आहे. ११ डिसेंबरची पहाट, चार वाजून एकवीस मिनिटं, कोयनेचा भूकंप. तेव्हा ती आठ वर्षांची होती. "तेव्हापण आधी भांडीच वाजली होती गं," ती म्हणते. त्या पहाटे तिच्या पायाखालून गेलेल्या लाटांमध्ये एक जात अशी होती, जी आजही मालगाडी गेली की आमच्या अंगणातून जाते. ती जमिनीच्या पाठीला धरून चालते. तीच मला संगणकावर उभी करायची आहे आणि जमिनीत मोजूनही पाहायची आहे. दोन्ही जुळलं तरच मानायचं.

५ मे

आधी अभ्यास. जमिनीवर ठोका बसला की तीन प्रकारच्या लाटा निघतात. एक दाबाची, सगळ्यांत वेगवान. दुसरी कर्तनाची, म्हणजे माती आडवी घसरवणारी. तिसरी पृष्ठभागाची, जी लॉर्ड रॅले यांनी १८८५ साली कागदावर शोधली. पृष्ठभागावर ठोका दिला तर काय होतं, हे गणित लॅम्ब यांनी १९०४ मध्ये मांडलं. पुढे १९५५ मध्ये मिलर आणि पर्सी यांनी ऊर्जेचा हिशोब केला. एकसंध जमिनीवर गोल तबकडी वरखाली हलवली तर ६७ टक्के ऊर्जा रॅले लाटेत जाते, २६ टक्के कर्तनात आणि फक्त ७ टक्के दाबात.

तिसरी लाट घरांना जड का जाते, तेही या गणितातूनच कळतं. बाकीच्या दोन लाटा खालीही पसरतात, म्हणून वर लवकर विरतात. रॅले लाट पृष्ठभाग सोडत नाही. तिची उंची अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच उतरते. अंतर चौपट झालं तरी ती निम्मीच होते.

भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीनं बारीक फुल्या मारल्या आणि अंतर लिहून ठेवलं. काचेची एक पातळ पट्टीही प्लास्टर ऑफ पॅरिसनं भेगेवर आडवी चिकटवली. भिंत सरकली तर काच तडकेल. भेगेची रुंदी आज ४.० मिलिमीटर.

९ मे

रुळापासून सुरुवात केली. रूळ म्हणजे लवचिक गादीवर ठेवलेला लांब दांडा. विंकलर यांनी १८६७ मध्ये दिलेली ही कल्पना अजूनही पुरते. ६० किलो प्रति मीटरचा रूळ घेतला. खालच्या खडीची आणि मातीची मिळून ताठरता एका रुळाला, दर मीटर लांबीला २० मेगान्यूटन प्रति मीटर धरली. बॉक्सएन वाघिणीचा (कोळसा वगैरे वाहणारा उघडा मालडबा) भार एका आसावर २०.३२ टन, म्हणजे एका चाकाखाली सुमारे १०० किलोन्यूटन.

उत्तर: चाकाखाली रूळ २.३ मिलिमीटर दबतो. त्या दबण्याची स्वाभाविक लांबी १.०६ मीटर. आपल्याकडे किलोमीटरला १६६० स्लीपर (रुळाखालचे आडवे आधार) असतात, म्हणजे दोन स्लीपरमध्ये साधारण ६० सेंटिमीटर. चाक बरोबर एका स्लीपरवर असलं तरी त्या स्लीपरच्या वाट्याला जेमतेम २८ टक्के वजन येतं, बाकीचं शेजारचे वाटून घेतात. चाकापासून अडीच मीटरच्या पुढे रूळ किंचित वर उचलला जातो. ते पाहून मी थांबलेच. वजन खाली ढकलतं आणि जरा पुढे तोच रूळ वर येतो. अप्पांना सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "उचलतंय की. पोकळ स्लीपर आसला की डोळ्याला दिसतंय."

१३ मे

दोन दिवस एका चुकीच्या मागे गेले आणि शेवटी कळलं की ती चूक नव्हतीच.

संगणकावर ५८ वाघिणींची गाडी तयार केली. वाघिणीची लांबी १०.७१३ मीटर, दोन बोगींच्या (बोगी म्हणजे वाघिणीखालचा चार चाकांचा सांगाडा) मध्यांतलं अंतर ६.५२४, बोगीतल्या दोन आसांमध्ये २ मीटर. सगळी चाकं गुळगुळीत, रूळ सरळ, वेग ताशी ६०. ही वजनं जमिनीवरून पळवली आणि ३८ मीटरवर कंप पाहिला तर आलेख सपाट. भार दहापट केला, तरी सपाटच. मला वाटलं एकक चुकलं, किलोन्यूटनच्या जागी न्यूटन गेलं असेल. ओळ न् ओळ तपासली.

मग कागदावर केलं. गाडीतला पुनरावृत्तीचा टप्पा १०.७१३ मीटर. वजनांची ही रांग रुळाच्या दिशेनं गाडीच्या वेगानं सरकते, सेकंदाला साधारण १६.७ मीटर. आमच्या मातीतली पृष्ठलाट त्याच्या कितीतरी पट वेगानं धावते. स्रोत लाटेपेक्षा हळू असेल तर लाट सुटून बाहेर पडतच नाही. जमीन गाडीबरोबर दबते आणि गाडीबरोबर उठते, बस. रुळापासून बाजूला गेलं की हा परिणाम घातांकानं मरतो. ५ मीटरवर तो साधारण अठरावा भाग उरतो. आमच्या घरापाशी, ३८ मीटरवर, चारशे कोटींत एक. संगणक बरोबरच सांगत होता.

(सगळ्या गाडीच्या एकूण वजनानं जमीन जी संथ खचते आणि वर येते ती जरा दूरवर पोचते, पण ती इतकी सावकाश असते की पळीला तिचा पत्ताही लागत नाही.)

गाडी लाटेपेक्षा वेगानं गेली तर चित्र एकदम पालटतं. पाण्यात नावेच्या मागे पाचर उमटते तसं जमिनीत होतं. स्वीडनमध्ये लेड्सगोर्डला १९९७ मध्ये असंच झालं. रुळाखाली अतिशय मऊ चिकणमाती, वरून ताशी २०० च्या वेगाची एक्स-२००० गाडी. रूळ आणि भराव इतका हलला की वेग कमी करावा लागला. आपली काळी माती मऊ म्हणतात, पण तेवढी मऊ नाही आणि आपल्या गाड्याही तेवढ्या वेगवान नाहीत. तो धोका इथं नाही.

पण मग भांडी कशानं वाजतात?

१४ मे

संध्याकाळी हेच अप्पांपुढे ठेवलं. चहा निवेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरी, वजनानं जमीन दबती, हालत न्हाई. हालती ती ठोक्यानं. सपाट चाक आलं की आमाला क्वार्टरमदी आंथरुणात कळायचं. टक्‌, टक्‌, टक्‌. सकाळी बगितलं की रुळावर खुणा."

सपाट चाक म्हणजे ब्रेक जाम होऊन चाक फिरायचं थांबतं, रुळावर घासत जातं आणि एका जागी त्याची गोलाई झिजते. रेल्वेत याला फ्लॅट टायर म्हणतात. वाघिणीच्या चाकाला ६० मिलिमीटरपर्यंतचा सपाट भाग चालवून घेतात, प्रवासी डब्याला ५०. मीटरभर व्यासाच्या चाकावर ५० मिलिमीटर लांबीचा ताजा सपाट भाग असेल तर त्याची खोली पाऊण मिलिमीटरही नसते, फक्त ०.६ च्या आसपास. एवढ्याशानं ३८ मीटरवरची पळी वाजावी! पण ठोका दर फेऱ्याला बसतो आणि त्याच्यामागे दहा टनांनी दाबलेलं चाक असतं.

प्रकल्पाची दिशा बदलली. आता वजन पळवायचं नाही, ठोका सोडायचा.

१८ मे

मातीची ओळख करून घेण्याचा दिवस.

साडेचार हर्ट्झचे दोन जिओफोन आणले आहेत. हातात धरला तर दंडगोल डबीसारखा, खाली लोखंडी खिळा. आत स्प्रिंगला टांगलेलं वेटोळं आणि चुंबक. जमीन हलली की वेटोळ्यात वीज येते, सेकंदाला एक मिलिमीटर वेगाला सुमारे २८ मिलिव्होल्ट. त्यामागे त्या विजेचे आकडे करणारी एडीएस१११५ ची पट्टी, सेकंदाला ८६० वाचनं, आणि ती साठवायला ईएसपी३२ हा चिमुकला संगणक.

मे महिन्यातली काळी माती म्हणजे दगड. भेगांत बोट जातं. जिओफोनचा खिळा रोवायला आधी पहारीनं भोक करावं लागलं, आणि ते भोक जरा मोठं झालं तर डबी डुगडुगते आणि वाचन वाया जातं. शेवटी ओल्या मातीचा गोळा भोकात दाबून त्यात खिळा बसवला. ती एक तास सुकू दिली तेव्हा कुठे वाचन स्थिर झालं.

एक जिओफोन ५ मीटरवर, दुसरा १५ मीटरवर. जाड लोखंडी प्लेटवर भावानं घण मारला. वीस वेळा. मधल्या १० मीटरला लाटेला सरासरी ६८ मिलिसेकंद लागले. म्हणजे पृष्ठलाट सेकंदाला १४७ मीटर, आणि त्यावरून कर्तनलाट साधारण १५८. पृष्ठलाट ताशी म्हणाल तर ५३० किलोमीटर. गाडी याच्या जवळपासही येत नाही.

खालच्या थरांसाठी मागल्या घरच्या बोअरची माहिती घेतली. बारा फूट काळी माती, मग मुरूम, पंचवीस फुटांवर काळा दगड.

२२ मे

संगणकावर जाळी उभी केली. जमिनीचा उभा छेद, २० सेंटिमीटरचे चौकोन, वेग आणि ताण अर्ध्या चौकोनानं एकमेकांत सरकवलेले. कडा आणि तळाशी लाट परत येऊ नये म्हणून स्पंजासारखा पट्टा, जिथं प्रत्येक पायरीला कंप थोडा थोडा कमी केला जातो.

पहिल्याच धावेत सगळे आकडे अनंत. कारण लगेच सापडलं. वेळेची पायरी मी मातीच्या वेगावरून काढली होती आणि तळाला दगड आहे हे विसरले. दगडात दाबाची लाट सेकंदाला २८०० मीटर धरली आहे. एका पायरीत ती एका चौकोनाच्या पलीकडे उडी मारते, आणि असं झालं की गणित फुटतं. पायरी ०.४ मिलिसेकंदावरून ०.०४५ वर आणली. धाव नऊपट लांबली. वरच्या बारा फुटांसाठी लागत नाही ती किंमत खालच्या दगडासाठी मोजायची.

२६ मे

तपासणी. थर काढून टाकले, सगळीकडे एकसारखी माती ठेवली, कारण अशा जमिनीचं अचूक उत्तर पुस्तकात आहे. पॉयसाँ गुणोत्तर (एका दिशेनं दाबलं तर माती बाजूला किती फुगते ते) पाव असेल तर रॅले लाटेचा वेग कर्तनलाटेच्या ०.९१९ पट आला पाहिजे आणि पृष्ठभागावर उभी हालचाल आडवीच्या साधारण १.४७ पट.

वेग ०.९१६ आला. गुणोत्तर १.४५. पटलं.

मग एका बिंदूचा रस्ता काढून पाहिला. मातीचा कण लंबवर्तुळात फिरतो, पण लाट जिकडे चालली आहे त्याच्या उलट गतीनं. पुढे लोळत जाणाऱ्या चाकाच्या माथ्यावरचा बिंदू पुढे जातो. इथं माथ्यावरचा कण मागे येतो. खाली खाली गेलं की आडवी हालचाल कमी होत जाते, तरंगलांबीच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास ती शून्य होते आणि त्याखाली कण उलट दिशेनं फिरू लागतो. जाळीतला तो थर मी वेगळ्या रंगानं रंगवला. पंधरा हर्ट्झला तो आमच्या जमिनीत दोन मीटरपेक्षा जरा कमी खोलीवर येतो. म्हणजे अंगणातल्या हौदाच्या तळापाशी माती एका बाजूला फिरते आणि हौदाच्या काठापाशी दुसऱ्या. हे रात्री उशिरापर्यंत पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं.

१ जून

एक मोठी अडचण उरली होती. उभ्या छेदात ठोका दिला की गणिताला वाटतं, अख्ख्या रुळावर एकाच क्षणी ठोका बसला. तशी लाट अंतरानं उतरतच नाही, आणि उत्तर फुगतं. पूर्ण त्रिमितीय जाळी करायला माझ्या लॅपटॉपची ताकद नाही.

उपाय आंघोळ करताना सुचला. ठोका एका ठिकाणी बसतो आणि थर आडवे सपाट आहेत, तर ठोक्याभोवती सगळीकडे चित्र सारखंच असणार. तळ्यात खडा टाकल्यावर गोल वलयं उठतात तसं. मग त्रिमितीची गरजच काय? फक्त ठोक्यापासूनचं अंतर आणि खोली, एवढ्या दोनच गोष्टी. एकदाच एका ठोक्याचा नमुना काढायचा, १ मीटरपासून ८० मीटरपर्यंत प्रत्येक अंतराला. मग चाक प्रत्येक फेऱ्याला जिथं जिथं ठोकेल तिथून घराचं अंतर काढायचं, त्या अंतराचा नमुना उचलायचा, योग्य वेळ पुढे सरकवायचा आणि सगळ्यांची बेरीज.

ठोक्याच्या बरोबर जागी अंतर शून्य, तिथं भागाकार शून्यानं होतो म्हणून जाळी अर्धा चौकोन बाजूला सरकवली. बाकी काही अडलं नाही.

ठोक्याचा आकारही हवा. चाकाचं आसासकट स्प्रिंगखालचं वजन आणि रुळाची ताठरता मिळून स्वतःचा एक झोका घेतात, माझ्या आकड्यांनी सेकंदाला तेहेतीसच्या आसपास. म्हणजे जमिनीला मिळणारा ठोका टोकदार नसतो, तो जरा गोलसर होऊन उतरतो.

७ जून

सापडली!

दुपारी भरलेली मालगाडी गेली, सगळ्या बॉक्सएन वाघिणी. मी ओसरीत मोजत बसले, भाऊ घड्याळ धरून. ५८ वाघिणी, ३७.५ सेकंद. म्हणजे सेकंदाला १६.५७ मीटर, ताशी साधारण ६०. जोत्यावरच्या जिओफोननं पहिले वीस सेकंद फक्त हलकी कुजबुज दाखवली. मग अचानक ठोक्यांची ओळ उठली, सात सेकंद राहिली आणि विरली. त्याच सात सेकंदांत फडताळातून आवाज आला.

चाळीसेक ठोके. येताना ते दाट होते, सेकंदाला ६.१. समोरून जाताना ५.५. पुढे गेल्यावर ५.०. गाडीची शिट्टी जवळ येताना चढते आणि गेल्यावर उतरते, तेच इथं मातीत झालं. लाटेचा वेग १४७ धरून हिशोब केला तर समोरच्या ५.५ ला येताना ६.०८ आणि जाताना ५.०२ पाहिजे.

आणि मग सर्वांत आवडलेला हिशोब. सेकंदाला १६.५७ मीटर आणि ५.५ फेरे, म्हणजे चाकाचा परीघ ३.०१ मीटर आणि व्यास ९५९ मिलिमीटर. बॉक्सएनचं नवं चाक १००० मिलिमीटरचं असतं आणि झिजत झिजत ९०६ ला आलं की बाद करतात. आमच्या समोरून गेलेलं चाक अर्ध्या आयुष्याच्या जवळ होतं, आणि हे मला ३८ मीटरवरच्या मातीनं सांगितलं.

अप्पांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून ठोके बोटानं मोजले, पार शेवटपर्यंत. "ही माती चांगली शिकलीया," म्हणाले.

८ जून

आता संगणकाचं आणि जिओफोनचं समोरासमोर. ठोक्याची ताकद मला माहीत नाही, म्हणून उंची जुळवायचा आग्रह धरला नाही, फक्त आकार आणि वारंवारता पाहिली.

५.५ च्या ठोक्यांतून ५.५, ११, १६.५, २२ अशी कंगव्यासारखी दातांची ओळ यायला हवी. जिओफोनमध्ये ती आली, पण पहिला दात जवळपास नाहीच. ११ चा सर्वांत उंच, १६.५ चा त्याखालोखाल, २२ चा लहान, आणि तीसच्या वर सगळं विझलेलं. सिम्युलेशनमध्येही अगदी तसंच.

पहिला दात का नाही? मऊ मातीचा थर टणक जमिनीवर बसला असेल तर तो ठरावीक वारंवारतेच्या खालच्या लाटांना नीट वाहू देत नाही. ती मर्यादा म्हणजे कर्तनलाटेचा वेग भागिले खोलीची चौपट. आमचे १५८ भागिले चार गुणिले ३.६ मीटर, म्हणजे ११ हर्ट्झ. दुसरा दात नेमका तिथंच पडतो आणि थर त्याला उचलून धरतो. वरच्या दातांना माती खाते. माझ्या आकड्यांनी घरापर्यंत पोचेस्तोवर १५ हर्ट्झची लाट निम्मी उरते, ३० ची पाव आणि ६० ची वीसात एक.

एक्सप्रेस गाडी का वाजवत नाही, तेही यातच आहे. ताशी १०० नं जाताना चाकं सेकंदाला ४६ स्लीपर ओलांडतात. ती ४६ हर्ट्झची लाट इथवर दहावा हिस्सा होऊन येते. गाडी हलकी म्हणून नव्हे, तिची चाकं गोल म्हणून आणि तिचा ठेका मातीला पचणारा म्हणून आई तिच्यावेळी शांत झोपते.

१२ जून

कंपाची मोजणी. सपाट चाकाच्या गाडीला जोत्याच्या हलण्याचा सर्वोच्च वेग सेकंदाला ०.४२ मिलिमीटर. आठवड्यातल्या इतर गाड्या ०.१ ते ०.१५. माणसाला साधारण ०.१ ते ०.३ पासून जाणवू लागतं, म्हणून आईला जाणवतं ते खरंच आहे, मनाचे खेळ नाहीत. पण राहत्या घरांसाठी जर्मन मानक डीआयएन ४१५० ची मर्यादा दहा हर्ट्झच्या खाली सेकंदाला ५ मिलिमीटर आहे आणि वर ती आणखी वाढते. आम्ही तिच्या दहाव्या भागापर्यंतही नाही.

काचेची पट्टी अखंड. भेग ३.९.

१४ जुलै

पाऊस लागून पाच आठवडे झाले. अंगणात पाय घोट्यापर्यंत रुततो. घणाचा प्रयोग पुन्हा केला, तीच प्लेट, तेच खुंट. या वेळी खिळा नुसत्या हाताच्या दाबानं आत गेला. १० मीटरला ९२ मिलिसेकंद. पृष्ठलाट १४७ वरून १०९ वर उतरली.

तीच जमीन, तेच घर, आणि लाट सव्वीस टक्के सावकाश. कोरड्या काळ्या मातीत कणांना एकमेकांकडे ओढून धरणारी ओढ असते, पाणी भरलं की ती सुटते. थराची मर्यादाही ११ वरून ८ हर्ट्झवर सरकायला हवी. सिम्युलेशनमध्ये आकडे बदलून चालवलं, आलेखाची कमान आठच्या जवळ आली. आज सकाळच्या मालगाडीत, ठोका नसतानाही, कुजबुजीचा उंचवटा ८.५ ला होता. मे महिन्यातल्या नोंदींत तो ११ च्या वर होता.

म्हणजे एकच सपाट चाक उन्हाळ्यात एका घरातली भांडी वाजवेल आणि पावसाळ्यात दुसऱ्या घरातली. फेऱ्यांच्या ठेक्याचा कुठला दात मातीच्या आवडीच्या जागी पडतो, यावर ते ठरतं. गाडीनं ताशी पाच किलोमीटर वेग बदलला तरी निकाल बदलतो. "कधी वाजतात, कधी नाही" याचं उत्तर मला इथं मिळालं.

१६ जुलै

शेजारचे म्हणाले, कुंपणाच्या आत चर खणला तर लाट अडेल. अडेल, पण किती खोल? वूड्स यांनी १९६८ मध्ये प्रत्यक्ष मैदानावर प्रयोग करून दाखवलं की ठोक्याच्या अगदी जवळ खणलेल्या मोकळ्या चराची खोलीसुद्धा तरंगलांबीच्या ०.६ पट तरी हवी, दूरच्या चराची त्याहून जास्त. तेव्हा पलीकडची लाट पाव होते. उन्हाळ्यातली १५ हर्ट्झची लाट जवळपास दहा मीटर लांब. म्हणजे चर कमीत कमी वीस फूट, घराजवळ खणला तर त्याहूनही खोल. सिम्युलेशनमध्ये पाच फुटांचा चर खणून पाहिला तर लाट त्याच्या खालून गेली आणि पलीकडे पुन्हा वर आली, जेमतेम दहा टक्के घटून. काळ्या मातीत पावसाळ्यात वीस फुटांचा उघडा चर उभा राहणार नाही, आणि घराशेजारी तो खणणं हाच मोठा धोका. नको म्हणून सांगितलं. आकृती दाखवल्यावर त्यांनाही पटलं.

२१ जुलै

काच तडकली.

आधी धस्स झालं, मग नोंदी काढल्या. ७ जूनच्या गाडीला काच टिकली होती. त्यानंतर ०.३ च्या वरचा एकही कंप जिओफोननं टिपलेला नाही. भेग मोजली तर २.४ मिलिमीटर, म्हणजे रुंदावली नाही, मिटली. फुल्या एकमेकींजवळ आल्या आहेत आणि काच ताणून नव्हे, दाबून फुटली आहे. कडांचे दोन पापुद्रे एकमेकांवर चढलेले दिसतात.

पाणी पिऊन माती फुगली आणि तिनं घराचा तो कोपरा उचलला. उन्हाळ्यात आकसते तेव्हा तोच कोपरा खाली सोडते. घराच्या त्या बाजूला पन्हाळ नाही. पागोळ्यांचं सगळं पाणी वर्षानुवर्षं जोत्याच्या कडेला पडतं, बरोबर त्या खिडकीखाली, आणि तिथं खड्डा झाला आहे.

आईला तिथं नेऊन दाखवलं. तिनं खड्ड्यात हात घालून माती वर काढली, बोटांत मळली आणि म्हणाली, "अगं, ही तर लोण्यासारखी झालीय." मग वर पत्र्याकडे पाहिलं.

अप्पांना बोलावून पत्र्याच्या कडेचं माप घेतलं, बावीस फूट. पन्हाळ उद्या विश्रामबागेतून आणायची, सोबत परसाच्या टोकापर्यंत पाणी न्यायला दहा फुटांचे तीन पाईप. नवी काच भेगेवर लावली, जाडी तीच, आणि बाजूला तारीख लिहिली.